वाढदिवस विचारणारे नाझरसाहेब

नोकरीवर रुजू होताना माणसाला काय काय विचारतात! शिक्षण किती, टायपिंगचा वेग किती, आधी कुठं काम केलं. मला नाझरसाहेबांनी पहिल्या दिवशी विचारलं, "बाई, तुमचा जन्म कोणत्या महिन्यातला?"

सन एकसष्टचा उन्हाळा होता. पांढरकवड्याच्या कचेरीत मी टायपिस्ट म्हणून आले, तेव्हा त्या अख्ख्या कचेरीत बाई म्हणून मी एकटीच होते. नाझर म्हणजे कचेरीतल्या सगळ्या सामानसुमानाचा धनी. खुर्च्या, कंदील, तंबू, शाई, लाख, कुलपं, एवढंच काय, डाक बंगल्यातल्या गाद्यासुद्धा त्यांच्या ताब्यात. मला टेबल द्यायचं कामही त्यांचंच होतं. ते टेबल फडक्यानं स्वतः पुसता पुसता त्यांनी हा प्रश्न विचारला.

"श्रावणातला," मी बावचळून म्हटलं.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर धूळ उडत होती, हैदराबादकडे जाणारे ट्रक घरघरत होते. "श्रावण म्हणजे ओली हवा," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "कोळसे दमट राह्यतात त्या दिवसांत. बरं, पाहू."

माणूस जरा सैल दिसतो, असं मला वाटलं. धोतर, कॉलर विरलेला काळा कोट, आणि त्या कोटाच्या बाहीवर पांढरे डाग. तो मैदा असतो हे मला पुढं कळलं. टेबल पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "राहाची सोय झाली?"

झाली नव्हती. तीन घरी जाऊन आले होते. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच : नवरा कुठं असतो? माझ्या नवऱ्यानं मला भावाच्या दारात आणून सोडलं होतं, आणि नंतर तो न्यायला आलाच नाही. हे तिन्ही घरी सांगावं लागलं आणि तिन्ही घरी खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली निघाली. नाझरसाहेबांनाही सांगावं लागणार म्हणून मी तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "माह्या घरी मागची एक खोली आहे. पण सांगून ठेवतो, तिथं शेगडीचा धूर येते. चालते का?"

चालते, म्हटलं. पुढची चार वर्षं मी त्या धुरात राहिले, आणि त्या धुराचं माझ्यावर किती ऋण आहे ते मलाच ठाऊक.

तो धूर केकचा होता. त्या काळी आमच्याकडे वाढदिवस म्हणजे लहान पोराला ओवाळायचं, फार झालं तर शिरा. मोठ्या माणसाचा वाढदिवस कुणी करत नसे, बहुतेकांना तो ठाऊकही नसे. आणि केक ही वस्तू गावात कुणी पाहिलेली असेल तर ती डाक बंगल्यात, गोऱ्या साहेबाच्या टेबलावर. तिथंच नाझरसाहेबांनी ती पाहिली. गाद्या मोजायला गेले की बंगल्याचे म्हातारे खानसामा रहमतचाचा त्यांना स्वयंपाकघरात बसवून घेत. चाचांकडूनच ते शिकले. लोखंडी घमेल्यात रेती तापवायची, रेतीवर डबा ठेवायचा, वर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर निखारे. चाचा बेदाणे आणि बदाम घालत. नाझरसाहेबांनी त्याऐवजी मुकुटबनच्या बाजारातली चारोळी घालायला सुरुवात केली. एकदा वाळलेली मोहफुलंही घालून पाहिली होती. त्या दिवशी कचेरीत जो तो एकमेकांचं तोंड हुंगत होता म्हणे.

त्यांचे डबे दोन. एक घरचा, त्यात अंडं नाही, ताक आणि खायचा सोडा. दुसरा कचेरीचा, त्यात अंडी, आणि तो घरात आणायचा नाही. त्याची शेगडी कचेरीच्या मागं, तंबूच्या खोलीच्या आडोशाला. घरचा केक भाजताना ते डोक्याला रुमाल बांधून अंगणात उकिडवे बसत आणि मधूनच झाकणाला कान लावत. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा विचारलं, "हे काय करता?"

"ऐकून राह्यलो. अजून बोलते तो. चुप बसला की झाला." मग मला जवळ बोलावून म्हणाले, "तुम्ही ऐका बरं."

मी कान नेला. आत खरंच बारीक चुरचुर चालली होती.

ते सायकल बाळगत, पण सायकलवर बसलेले मी त्यांना फारसे पाहिले नाहीत. कॅरिअरला केकचा डबा बांधलेला असे आणि हादरा बसला तर मधोमध खड्डा पडतो म्हणून ते सायकल हातात धरून पायी चालत. नाझरसाहेबांनी सायकलला फिरायला नेलं आहे, असं गावातले लोक म्हणत. ते ऐकून त्यांनाही हसू येई. केक नेहमी चांगलेच होत असं नाही. काही विटेसारखे होत, काही आतून पिठाळ राहत. तसला काप तोंडात घालून ते म्हणत, "याचा वाढदिवस पुढल्या वर्षीही आहे." एवढ्यावर विषय संपे.

श्रावणात माझा केक झाला. ओला झाला. पण त्यांचा एक नियम होता : ज्याचा वाढदिवस, त्यानं आपल्या हातानं प्रत्येकाला काप द्यायचा. तोवर कचेरीतली माणसं माझ्याशी कागदापुरतंच बोलत. बोलावं की नाही, बाईकडे पाहावं की नाही, हेच त्यांना कळत नव्हतं. मी ताट घेऊन टेबलाटेबलाशी गेले. प्रत्येकाला मान वर करून माझ्याकडे पाहावं लागलं, हात पुढं करावा लागला, काहीतरी बोलावं लागलं. "बाई, बरा झाला हो," एक जण म्हणाला. दुसऱ्यानं माहेर कुठलं ते विचारलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर कुणीतरी न सांगता पाण्याचा तांब्या भरून ठेवू लागलं. नवऱ्याचं त्या कचेरीत मला कुणीही कधी विचारलं नाही.

हरसिंग शिपायाचा वाढदिवस ठरवला तो तर नाझरसाहेबांनीच. हरसिंग जवळच्या तांड्यावरचा बंजारा, उंच, मिशाळ, मोठ्या आवाजाचा. जन्म कधीचा म्हणून विचारलं तर तो हसून हसून बेजार झाला. "साब, आमच्यात कोन लिहून ठेवते? याडी सांगे, तांडा जागा बदलून राह्यला होता. मुकुटबनच्या अलीकडं गाडीतच झालतो मी. पळस फुलला होता, बस एवढं."

आईची आठवण एवढीच. नाझरसाहेबांना ती पुरली. कचेरीच्या मागं एक पळस होता. त्यावर ज्या दिवशी पहिलं फूल दिसेल तो हरसिंगचा वाढदिवस. त्यामुळं त्याचा वाढदिवस दरवर्षी मागंपुढं सरके, आणि माघ लागला की स्वतः हरसिंग दर सकाळी त्या झाडाखाली मान वर करून उभा असे. पहिल्या वर्षी त्यानं ताट फिरवलं तेव्हा एक जुने कारकून हात पुढं करायला कचरले. नाझरसाहेबांनी त्यांच्या समोरच हरसिंगच्या हातून एक काप घेतला, खाल्ला, आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला. त्या कारकुनांनीही मग घेतला. हे हरसिंगनंच मला सांगितलं.

पुढं माझी बदली पुसदला झाली. नाझरसाहेब निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. बातमी हरसिंगनं आणली, एस.टी.नं पुसदपर्यंत येऊन. मला पोस्टकार्डानं कळू नये असं त्याला वाटलं. पण मला त्यांचं जाणं आठवत नाही तितका तो निवडणुकीचा आठवडा आठवतो. बासष्टच्या फेब्रुवारीतला.

निवडणूक म्हणजे नाझराचं मरण. मतपेट्या, शाईच्या बाटल्या, लाखेच्या कांड्या, कंदील, दोऱ्या, सगळं जंगलातल्या शेवटच्या गावापर्यंत पोचवायचं. जिथं ट्रक जात नाही तिथं बैलगाड्या ठरवायच्या. मी दिवसभर याद्या टाइप करून बोटं सुजवून घेतली होती. आणि नेमक्या त्याच आठवड्यात तीन वाढदिवस आले. सोमवारी पळसाला फूल दिसलं, म्हणजे हरसिंगचा. मग तहसीलदारांचा. आणि माघी पौर्णिमेला माईंचा.

माई म्हणजे नाझरसाहेबांची थोरली बहीण. लहानपणीच लग्न झालं आणि लहानपणीच कपाळ पांढरं झालं. लाल आलवण, सोवळं, एकवेळचं जेवण, स्वतःच्या हातचं. नाझरसाहेब दर माघी पौर्णिमेला माईंसाठी घासूनपुसून घेतलेल्या डब्यात केक करत आणि त्यांच्यासमोर ठेवत. त्या म्हणत, "विधवेचा कायचा आला वाढदिवस?" आणि सगळाच्या सगळा आळीतल्या पोरांना वाटून टाकत. एक कण तोंडात घालत नसत. केकला त्या 'भाजका शिरा' म्हणत. नाझरसाहेब काही बोलत नसत. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा करत.

हरसिंगचा केक झाला. तहसीलदारांच्या केकच्या वेळी मात्र मला धास्ती वाटली. साहेब नवे होते, कडक होते. बायकोपोरं नागपूरला, हे इथं एकटे. हरसिंग त्यांचं पत्र घेऊन नागपूरला त्यांच्या घरी गेला होता, तेव्हा तिथं वाढदिवस कधीचा ते विचारून आला होता. दुपारी मतपेट्यांचा ढीग पडलेला, माणसं घामेजलेली, आणि त्या ढिगातल्या एका पेटीवर नाझरसाहेबांनी केक आणून ठेवला.

साहेब आले आणि थबकले. "नाझर, हे काय आहे? निवडणूक आहे की लग्न?"

"साहेब, निवडणूक पाच वर्षांनी पुन्हा येते," नाझरसाहेब शांतपणे म्हणाले. "तुमचं चाळिसावं नाही येत."

सगळे टेबलावरच्या कागदांत डोकं खुपसून बसले. साहेबांनी पेटीकडे पाहिलं, केककडे पाहिलं, मग नाझरसाहेबांकडे. "तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांचा आवाज बदलला होता. उत्तराची वाट न पाहता त्यांनी सुरी घेतली. नियमाप्रमाणं त्यांनीच सगळ्यांना वाटला, ट्रकच्या ड्रायव्हरलाही. शेवटचा काप उभ्या उभ्या खाताना ते म्हणाले, "आईनंतर पहिल्यांदाच कुणाच्या लक्षात राहिलं." मग सुरी खाली ठेवून, "चला, पेट्या मोजा," म्हणाले.

पौर्णिमेच्या सकाळी मतदानाच्या तुकड्या निघाल्या. नाझरसाहेब पहाटेपासून उभे होते. मी पाहिलं तेव्हा कडक ऊन होतं आणि ते कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून थरथरत होते. हिवताप. शेवटची बैलगाडी फाटकाबाहेर पडली आणि ते कंदिलांच्या खोक्यावर बसले ते उठेचनात. हरसिंगनं त्यांना जवळजवळ उचलूनच घरी आणलं. तहसीलदारांनी आपली जीप पाठवून डॉक्टर आणवले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वहिनींना, म्हणजे नाझरसाहेबांच्या बायकोला, बजावलं की यांना उठू देऊ नका. मलाही साहेबांनी दुपारची सुटी दिली.

वहिनी मुळात घाबरट बाई. माईंपुढं तर त्यांचा आवाजच निघत नसे. त्या उशाशी बसून पट्ट्या बदलत होत्या. नाझरसाहेब तापात बडबडत होते.

"आज पौर्णिमा नं? मैदा चाळला नाही. शेगडी पेटवली का?"

"पडून राहा," वहिनी म्हणाल्या.

"माईचा केक राह्यला."

दोनदा ते उठून बसले, दोनदा आम्ही त्यांना निजवलं. वहिनी पाणी आणायला उठल्या तेवढ्यात ते तिसऱ्यांदा उठले, दारापर्यंत गेले आणि चौकटीवर आपटून खाली बसले. कपाळाला खोक पडली. देवघराच्या दारात माई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माळ बाजूला ठेवली.

"नीज तू," त्या म्हणाल्या. "मी करते."

वहिनी आणि मी एकमेकींकडे पाहतच राहिलो. माईंनी पदर खोचला. "पोरी, घमेलं आण. रेती आधी तापवून घेजो, मागल्या खेपेची ओली आहे." लोणी आणि साखर त्यांनी हातानं फेसली. ताक किती, सोडा किती, कुणालाही विचारलं नाही. इतकी वर्षं देवघरात पाठ फिरवून बसलेली ही बाई सगळं पाहत होती. शेगडीपुढं बसल्यावर त्यांनी माझ्याकडे न पाहताच बोलायला सुरुवात केली.

"हा जन्मला न् त्याच दिवशी आई गेली. मी तेव्हा नुकतीच माहेरी परत आलती, हे असं डोकं करून. बाबांनी याले माह्या मांडीवर टाकलं. दरवर्षी याच्या वाढदिवशी घरात आईचं श्राद्ध राहे. ब्राह्मण जेवायचे, बाबा रडायचे. याले वाटे, आपण काहीतरी वाईट केलं म्हणून लोक आज आपल्याकडे पाह्यत नाहीत. मी याले गोठ्यामागं न्यायची न् गुळाचा खडा द्यायची. बस, तेवढाच याचा वाढदिवस." निखारे झाकणावर रचता रचता त्या थांबल्या. "याले वाटते मले आठवत नसंन."

थोड्या वेळानं माई वाकल्या, झाकणाजवळ कान नेला आणि बोट ओठांवर ठेवून मला गप्प राहायला सांगितलं.

केक उतरवला तेव्हा उन्हं कलली होती. माईंनी तो थाळीत घेऊन खाटेजवळ आणला. नाझरसाहेबांचा ताप थोडा उतरला होता, पण डोळे अजून लाल होते. त्यांनी केककडे पाहिलं, मग बहिणीच्या हातावरच्या मैद्याकडे.

"तू केला?"

"मंग कोण करीन? घे, थोडा खा, न् गोळी घे."

त्यांनी तोंड मिटून घेतलं. "आधी तू."

"बाळ, हट्ट नको करू."

"इतकी वर्षं तू नाही म्हटलं, मी काही बोललो का? आज मी नाही म्हणतो. गोळीही घेत नाही."

पन्नाशी ओलांडलेला तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडला. माई थाळी हातात धरून उभ्या. काय करावं हे त्यांना उमजेना. तेवढ्यात मागून उजेड आला. वहिनी निरांजन लावून घेऊन आल्या होत्या.

माई दोन पावलं मागं सरल्या. "अगं, मले नाही ओवाळत कोणी. कळते नं तुले?"

"कळते," वहिनी म्हणाल्या. त्या घरात त्यांचा एवढा स्पष्ट आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "बसा माई. लोक काय म्हणतील ते माह्यावर."

कुंकू त्यांनी घेतलं नव्हतं. चंदनाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं, आणि वाकून नमस्कार केला. माई पाटावर बसल्या होत्या, पोरीसारख्या अवघडून, हात मांडीवर. नाझरसाहेब केव्हा वळले होते कुणास ठाऊक. ते कुशीवर होऊन पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून उशीवर उतरत होतं. ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

माईंनी काप मोडला. तोंडात घातला. सावकाश चावला. त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"असा लागते हा?" त्या म्हणाल्या. "न् मी पोरांले वाटून टाकत होती!"

नाझरसाहेब हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली, वहिनी पाठ चोळू लागल्या आणि त्याही हसत होत्या, रडतही होत्या. नाझरसाहेबांनी गोळी घेतली, केकही खाल्ला. आपल्या बहिणीच्या हातून.

तेवढ्यात ओसरीवरून हरसिंगची हाक आली. सगळ्या तुकड्या आपापल्या गावी पोचल्या, एकही पेटी वाटेत अडली नाही, हा निरोप साहेबांनी पाठवला होता. मी उठायच्या आत माई थाळी घेऊन बाहेर गेल्या. एरवी हरसिंगला काही द्यायचं तर त्या पायरीवर ठेवून बाजूला होत, आणि मग तो उचले. त्यालाही त्याची सवय होती. तो दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहिला. माई त्याच्यापाठोपाठ खाली उतरल्या आणि त्यांनी काप त्याच्या तळहातावर ठेवला.

हरसिंग हाताकडे पाहत राहिला. मग त्यानं घाबरत विचारलं, "माई, आज कोनाचा जनमदिन?"

माईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला.

"माहा," त्या म्हणाल्या.